मऊ ते सारे पॅड: एका पिल्लाला जागेची सवय लावताना

टिकली हे कुत्र्याचे पिल्लू. एका घरी ती आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती आणि तिची सवय सुधारण्यासाठी मला बोलावणे आले तेव्हा बारा आठवड्यांची. मधल्या तीन आठवड्यांत घरातल्या चौघांनी मिळून तिला पॅडवर, म्हणजे फरशीवर पसरायच्या लघवी शोषणाऱ्या चौकोनी तुकड्यावर, लघवी करायला शिकवले होते आणि ती शिकलीही होती. तक्रार अशी होती की ती जितक्या वेळा पॅडवर करते, जवळजवळ तितक्याच वेळा पॅडबाहेर करते. वडिलांचे निदान ठरलेले होते: "तिला सगळं कळतं, मुद्दाम करते." आजींचे मत नेमके उलटे होते. पिल्लू अजून लहान आहे, मोठे झाले की आपोआप सुधारेल, असे त्या म्हणत. हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले ते या दोन्ही निदानांमुळे. टिकली हट्टीही नव्हती आणि न शिकण्याइतकी लहानही नव्हती. आपण तिला जे शिकवले असे घरच्यांना वाटत होते, त्याहून वेगळेच काहीतरी ती अतिशय पक्के शिकून बसली होती. (पिल्लाचे नाव बदलले आहे आणि माणसांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत.)

टिकली लहान चणीची, मिश्र जातीची मादी होती. त्या वेळी तिचे वजन अडीच किलोच्या आसपास होते. घर इमारतीच्या वरच्या मजल्यावर होते आणि घरात आई, वडील, नऊ वर्षांचा मुलगा आणि आजी अशी चार माणसे होती. दिवसाचा बराचसा वेळ आजीच पिल्लाजवळ असत. लसीकरण पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर तिला सोडायचे नाही, असे पशुवैद्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते आणि तो सल्ला योग्य होता. पिल्लांच्या मुख्य लसींची मालिका साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होते, दर २ ते ४ आठवड्यांनी पुढचा डोस दिला जातो आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर द्यायचा असतो, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (रोगाशी लढणारे रक्तातले घटक) तोवर पिल्लाच्या रक्तात कमी-अधिक प्रमाणात उरलेली असू शकतात आणि ती असताना दिलेली लस लागू पडेलच असे नसते. पार्व्हो या आजाराचा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि जमिनीत कित्येक महिने टिकू शकतो, त्यामुळे वरवर स्वच्छ दिसणारी मातीही अशा पिल्लासाठी धोक्याची असते. थोडक्यात, आणखी काही आठवडे टिकलीला घरातच जागा देणे भाग होते आणि पॅड हा त्यावरचा सरळ उपाय होता.

पॅड वापरूच नयेत असे मानणारे अनेक प्रशिक्षक आहेत. पिल्लाला आधी घरात करायला शिकवायचे आणि मग तेच विसरायला लावून बाहेर करायला शिकवायचे, हा दुप्पट खटाटोप आहे, असा त्यांचा मुद्दा असतो. तो चुकीचा नाही. मात्र ज्या घराला अंगण नाही आणि ज्या पिल्लाचे डोस बाकी आहेत, तिथे त्या मुद्द्याचा उपयोग फारसा होत नाही. माझे मत असे की पॅड खुशाल वापरावेत, पण त्याची किंमत पहिल्या दिवसापासून ठाऊक असावी. ती किंमत नेमकी कोणती, हे टिकलीच्या बाबतीत लख्ख दिसले.

सवयीकडे वळण्याआधी शरीराची तपासणी करून घेणे आवश्यक होते. वारंवार थोडी थोडी लघवी होणे, करताना कुंथणे, लघवीत रक्त दिसणे, लघवीची जागा सतत चाटत राहणे ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात, आणि झोपेतही लघवी ठिबकत असेल तर क्वचित जन्मजात दोषही निघतो. अशा पिल्लाला कितीही शिकवले तरी उपयोग नसतो, उलट जे त्याच्या हातात नाही त्यासाठी ते बोलणी खात राहते. टिकलीच्या लघवीची तपासणी स्वच्छ आली. विष्ठेत जंत सापडले. पिल्लांमध्ये ते सर्रास आढळतात. त्यावर औषध सुरू झाले, शी बांधून होऊ लागली आणि तो विषय तिथेच संपला.

त्यानंतर मी घरच्यांना तीन दिवस काहीही न बदलण्याची विनंती केली. पॅड जिथे आहेत तिथेच ठेवायचे, रागवायचे असेल तर नेहमीइतकेच रागवायचे, फक्त प्रत्येक वेळची नोंद एका वहीत करायची. वहीत चार रकाने आखून दिले: वेळ, जागा, पायाखाली काय होते, आणि त्याआधीच्या पंधरा मिनिटांत काय घडले. तिसरा रकाना कशासाठी, हे वडिलांना कळेना. जागा लिहिली म्हणजे झाले की, असे ते म्हणाले. मुलाने मात्र ती वही अगदी मनावर घेतली आणि शाळेत असतानाच्या नोंदी आजींकडून रोज संध्याकाळी विचारून भरून घेतल्या.

तीन दिवसांत लघवीच्या ३६ नोंदी झाल्या. त्यांपैकी १९ पॅडवरच्या आणि १७ पॅडबाहेरच्या होत्या. इथवर घरच्यांचा अंदाज बरोबर होता. पण त्या १७ नोंदी पायाखालच्या वस्तूनुसार वेगळ्या केल्यावर चित्र पालटले. बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या पायपुसण्यांवर ८ वेळा, बैठकीतल्या गालिच्यावर ५ वेळा आणि मुलाच्या खाली घसरलेल्या दुलईवर २ वेळा. उघड्या फरशीवर फक्त दोनदा. घराचा बहुतेक भाग उघड्या फरशीचा होता, म्हणजे टिकली जर जागा न बघता करत असती, तर सर्वांत जास्त नोंदी फरशीवरच्या असायला हव्या होत्या. प्रत्यक्षात ३६ पैकी ३४ वेळा तिने मऊ आणि पाणी शोषून घेणारी वस्तू शोधून काढली होती. पॅड आणि पायपुसणे यांतला फरक तिला कुणी शिकवलाच नव्हता, त्यामुळे तिच्या हिशेबाने ती चौतीस वेळा बरोबर होती.

फरशीवरच्या दोन नोंदींचा प्रश्न वेगळा होता, म्हणून तो आधी बाजूला काढते. दोन्ही वेळा वडील कामावरून घरी आले होते, दार उघडताच ते वाकून तिच्याशी बोलले होते आणि ती शेपटी हलवत, अंग आक्रसून जागच्या जागी लघवी करून मोकळी झाली होती. याला सवयीतली चूक म्हणता येत नाही. उत्तेजनाच्या किंवा दडपणाच्या भरात कोवळ्या पिल्लाचा मूत्राशयावरचा ताबा सुटतो आणि बहुतेकांच्या बाबतीत वय वाढेल तसे हे कमी होते. आत आल्यावर काही मिनिटे तिच्याकडे लक्षच द्यायचे नाही, मग वरून न वाकता खाली बसून, आवाज न चढवता तिला जवळ येऊ द्यायचे, एवढे वडिलांना सांगितले. ते त्यांना जड गेले, कारण दिवसभराच्या कामानंतर त्यांना तोच क्षण हवासा वाटत असे.

आता मऊपणाकडे. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवी-शी करता येत नाही, आई चाटते तेव्हाच ती होते आणि आईच ती साफ करते. तिसऱ्या आठवड्यानंतर, पाय चालू लागले की पिल्लू निजण्याच्या जागेपासून थोडे दूर जाऊन करू लागते, आणि सात-नऊ आठवड्यांच्या सुमारास पायाखाली कशाचा स्पर्श असताना करायचे, याची आवड पक्की होऊ लागते. हे वय बहुतेक पिल्लांचे जुन्या घरी जाते. टिकली जिथून आणली होती तिथे पिल्ले कुठे ठेवली होती, हे मी मुलाच्या आईंना विचारले. एका खोलीत, असे त्या म्हणाल्या, आणि खोलीभर जुन्या चादरी पसरलेल्या होत्या. म्हणजे नवव्या आठवड्यात या घरात पाऊल टाकण्यापूर्वीच कापडावर करायचे हा धडा तिचा होऊन गेला होता. पॅडवर ती इतक्या लवकर का रुळली, याचेही हेच उत्तर होते. घरच्यांना तो आपल्या शिकवण्याचा विजय वाटला होता आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी आनंदाने तिचे फोटोही काढले होते. पण तिने नवे काही शिकलेच नव्हते, जुन्या चादरीसारखे काहीतरी तिला पुन्हा सापडले होते एवढेच. त्यावर दर वेळी शाबासकी आणि खाऊ मिळत गेला आणि जुनाच धडा आणखी घट्ट झाला.

पॅडची घडण पाहिली तर यात आश्चर्य वाटू नये. वर न विणलेल्या कापडासारखा पातळ थर असतो, मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि ओलावा धरून ठेवणाऱ्या रसायनाचे कण, आणि खाली प्लॅस्टिकचा पापुद्रा. पावलाला जाणवतो तो फक्त वरचा थर, आणि तो पायपुसण्याहून फारसा वेगळा नसतो. पॅडचा पांढरा रंग, त्याचा चौकोनी आकार, तो ठराविक जागी ठेवलेला असणे या आपल्या खुणा आहेत. टिकलीला त्या खुणा वाचण्याची गरजच पडली नव्हती.

वासाची बाजूही उलटीपालटी झाली होती आणि ती मला वही वाचताना नव्हे, तर घरात फिरताना लक्षात आली. आजी स्वच्छतेच्या बाबतीत काटेकोर होत्या. पॅड एकदा ओला झाला की तो लगेच टाकून त्या नवा पसरत, खालची फरशीही पुसून घेत. पायपुसणी आणि गालिचा मात्र साध्या साबणाने धुऊन पुन्हा जागेवर येत, आणि साबणाने माणसाच्या नाकाला जाणवणारा वास गेला तरी कुत्र्याच्या नाकाला पुरेल इतका तिथे राहतोच. ज्या जागी लघवी करावी असे सर्वांना वाटत होते तिथे तिच्या वासाचा मागमूस नव्हता, आणि जिथे करू नये असे वाटत होते तिथे तो मुरलेला होता. शिवाय घरात तीन पॅड होते आणि पुसताना ते थोडे इकडे थोडे तिकडे होत. जागा लक्षात ठेवावी तरी कोणती?

चौथ्या रकान्यातून आणखी दोन गोष्टी निघाल्या. पॅडबाहेरच्या १७ पैकी ११ वेळा टिकली नुकतीच झोपेतून उठली होती, जेवली होती किंवा खेळून थांबली होती आणि त्या क्षणी तिच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते. हे अपेक्षितच होते. दुसरी गोष्ट मात्र कुणी बोलून दाखवली नव्हती. पॅडवरच्या १९ नोंदींपैकी एकाही वेळी वडील त्या खोलीत नव्हते. विचारल्यावर त्यांनी संकोचाने सांगितले की पहिल्या आठवड्यात दोनदा त्यांनी तिचे नाक गालिच्यावरच्या ओल्या डागाजवळ नेऊन तिला दरडावले होते, लहानपणी घरच्या कुत्र्याला असेच शिकवलेले त्यांनी पाहिले होते. या उपायातून पिल्लू काही शिकतेच, पण ते भलतेच असते. घडून गेलेली लघवी आणि आताची बोलणी यांचा संबंध त्याला लागत नाही, या माणसासमोर करणे धोक्याचे आहे एवढेच त्याच्या ध्यानात राहते. म्हणून टिकली वडील आले की पॅडपासून दूर होई आणि सोफ्यामागे, गालिच्याच्या टोकाला जाऊन करे. ती "मुद्दाम, लपून" करते असे वडिलांना वाटत होते त्यातले लपणे खरे होते, आणि ते त्यांनीच शिकवले होते. हे मी त्यांना एवढ्या स्पष्ट शब्दांत सांगितले नाही. वहीतल्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या, त्यांनी त्या दोनदा वाचल्या आणि त्यानंतर तिला एकदाही रागावले नाहीत.

उपाय ठरवताना पहिली गोष्ट केली ती घर उघडे करण्याची. पायपुसणी, गालिचा, खाली लोंबणाऱ्या चादरी, सारे काही चार आठवड्यांसाठी उचलून ठेवायचे. आजींनी हरकत घेतली आणि ती रास्त होती: बाथरूमच्या ओल्या दारात पाय घसरला तर काय? तिथे भोके असलेली रबराची चटई घातली, तिच्यावरून पाय घसरत नाही आणि ती पाणी शोषत नाही. पिल्लाच्या शिकवणीपायी घरातल्या वयस्क माणसाने पडावे असा उपाय कुणी सुचवत असेल तर तो उपाय टिकत नाही, आठ दिवसांत पायपुसणे गुपचूप परत येते.

दुसरे म्हणजे तीनऐवजी एकच पॅड ठेवला आणि त्याला ठरलेली जागा दिली. बैठकीच्या कोपऱ्यात, सुमारे सव्वा मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर लांब जागा जाळीच्या घडीच्या कुंपणाने वेगळी केली. एका टोकाला टिकलीची निजण्याची जागा आणि पाणी, दुसऱ्या टोकाला ६० बाय ९० सेंटिमीटरचा पॅड. निजण्या-जेवण्याच्या जागेपासून दूर करण्याची पिल्लाची मूळची ओढ असते, तिचा फायदा घ्यायचा तर दोन टोकांत अंतर हवे, पण पॅड चार पावलांत सापडेल इतकी जागा लहानही हवी. अंथरूण काढून टाकावे का, असा प्रश्न होताच, कारण तेही मऊ. पण ती त्यावर निजत होती आणि तिथे तिने एकदाही घाण केलेली नव्हती, म्हणून ते राहू दिले. पॅड नुसता पसरला नाही, तर दोन सेंटिमीटर उंचीच्या काठाच्या चौकटीत बसवला. या चौकटीला मी सर्वाधिक महत्त्व देत होते. काठ ओलांडून आत पाऊल टाकणे ही पायाला कळणारी खूण आहे, आणि घरातल्या दुसऱ्या कोणत्याही मऊ वस्तूला ती नाही.

पॅड बदलताना आधीच्या पॅडचा हातभर ओला तुकडा नव्या पॅडखाली ठेवायचा, असे ठरले. आजींना ते किळसवाणे वाटले, तो तुकडा तळहाताएवढा केला तेव्हा त्या राजी झाल्या. जुने डाग मात्र एन्झाइम (लघवीतले वासाचे घटक तोडणारी प्रथिने) असलेल्या द्रावणाने साफ करायचे होते. आधी टिपून घ्यायचे, मग डाग पसरला असेल तिथपर्यंत द्रावण ओतून पाकिटावर लिहिलेला वेळ ते ओले राहू द्यायचे, कारण एन्झाइमना काम करायला वेळ आणि ओलावा दोन्ही लागतात. लगेच पुसून टाकले तर सारेच वाया जाते. अमोनिया असलेली द्रावणे टाळायची, लघवीशी जुळणारा वास त्यांना असतो. ब्लीच लघवीवर ओतायचे नाही, कारण त्या दोन्हींतून घातक वाफा निघतात, आणि पिल्लाचे नाक जमिनीला किती लागून असते हे आपण विसरतो.

वेळापत्रक साधे होते. झोपेतून उठताच, जेवणानंतर पाच ते वीस मिनिटांत, खेळ थांबताच आणि एरवी जागेपणी दर तासाला तिला चौकटीजवळ न्यायचे. रात्री एकदा. पिल्लाच्या वयाच्या महिन्यांत एक मिळवला की साधारण तितके तास ते थांबू शकते, असा एक ठोकताळा सांगितला जातो, आणि त्या हिशेबाने तीन महिन्यांच्या टिकलीला चार तास मिळतात. तो ठोकताळा शांत झोपेतल्या पिल्लासाठी वरची मर्यादा म्हणून ठीक आहे, खेळत असलेल्या पिल्लाला चार तास थांबवून पाहणे म्हणजे चूक होण्याची वाट पाहणे होय. संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास दोघांची धमाल चाले आणि वहीतल्या चुका तिथेच दाटलेल्या होत्या. दर दहा मिनिटांनी खेळ थांबवून तिला चौकटीत नेण्याचे काम मुलाने अंगावर घेतले आणि ते त्याने घड्याळ लावून केले.

खाऊ देण्याच्या पद्धतीत एक गंमत होती. टिकलीने पॅडवर केले की आजी "शाबास" म्हणत आणि खाऊ आणायला स्वयंपाकघराकडे जात. टिकली पॅड सोडून त्यांच्या मागे धावे आणि खाऊ तिथे मिळे. बक्षीस ज्या क्षणी हातात पडते त्या क्षणीच्या कृतीला ते चिकटते, त्यामुळे शाबासकी पॅडची आणि मोबदला स्वयंपाकघराकडे धावण्याचा, अशी विभागणी झाली होती. खाऊची छोटी पिशवी कमरेला बांधून चौकटीजवळच, लघवी संपल्यावर एक-दोन सेकंदांत खाऊ द्यायचा, असे ठरवले. "संपल्यावर" हा शब्द दोन दिवसांनी आणखी ठळक करावा लागला. टिकली चौकटीत जाऊन दोन थेंब टाकी, खाऊ घेई, आणि उरलेली लघवी पाच मिनिटांनी दुसरीकडे करे. अडीच किलोच्या पिल्लाने चार माणसांना असे कामाला लावलेले पाहून मला तिचे कौतुकच वाटले. सर्वांनी एकच शब्द वापरायचा, "शू", आणि तोही तिने करायला सुरुवात केल्यावर हळू आवाजात. आधी दहा वेळा म्हटला तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

चूक घडताना दिसली तर टाळी वाजवून किंवा नावाने हाक मारून थांबवायचे, उचलून चौकटीत ठेवायचे आणि उरलेले तिथे केले तर खाऊ द्यायचा. घडून गेलेली दिसली तर न बोलता पुसायचे. याहून अधिक काही करायचे नव्हते.

पहिल्या आठवड्यात पॅडबाहेरच्या नोंदी ११ झाल्या, दुसऱ्यात ५. मऊ काही उरलेच नसल्यामुळे हे घडले, टिकलीला फरक कळला म्हणून नव्हे, हे मी घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, पण वडील इतके खूश होते की गालिचा परत घालू या, असे त्यांनी दुसऱ्याच रविवारी सुचवले. तो मोह टळला. मात्र तिसऱ्या आठवड्यात चूक माझ्याकडून झाली.

चौकटीवर बसणारी प्लॅस्टिकची जाळी मी मागवायला सांगितली होती. तिचे दोन उपयोग होते. एक तर पायाखालचा स्पर्शच बदलतो आणि मऊपणाशी असलेला संबंध तुटतो. दुसरे असे की टिकलीने एकदा पॅड फाडून त्यातला लगदा घरभर केला होता, आणि पॅडचे प्लॅस्टिक किंवा शोषक थर पिल्लाने गिळला तर आतड्यात अडकू शकतो. जाळीमुळे पॅड दातांपासून दूर राहतो. बेत चांगला होता, घाई वाईट होती. तिसऱ्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी जाळी थेट बसवली. टिकलीने एक पाऊल ठेवले, मागे घेतले, काठाशी उभी राहून कण्हली आणि पाच तास काही केले नाही. मग कुंपणाबाहेर येताच दाराशी केले. दोन दिवसांत सहा चुका झाल्या. जाळी काढली, दोन दिवस नुसती चौकट ठेवली, मग जाळी पुन्हा बसवून तिच्यावरच पॅडचा अर्धा भाग पसरला आणि दर दोन दिवसांनी तो कापून लहान करत गेलो. पाचवा आठवडा संपता संपता वरचा तुकडा रुमालाएवढा उरला होता, आणि एका सकाळी टिकली त्याच्या शेजारी, उघड्या जाळीवर बसली. मुलाने त्या नोंदीभोवती लाल पेनाने चौकट आखली. तिसऱ्या आठवड्यात एकूण ९ चुका होत्या, चौथ्यात २, आणि पाचव्या-सहाव्यात मिळून एक.

मऊ वस्तू त्यानंतर एकेक करून परत आल्या, चौकटीपासून दूरच्या खोलीतली आधी. गालिचा मोकळा सोडण्यापूर्वी काही दिवस तिचे जेवण त्याच्यावर वाढले, खेळही त्यावरच घेतला, म्हणजे ती जागा तिच्या मनात जेवण्याची आणि लोळण्याची होईल. नव्या गालिच्यावर तिने काहीच केले नाही. जुना, कित्येकदा धुतलेला गालिचा मात्र परत घालताच तिने पंधरा मिनिटांत त्याचे सोफ्यामागचे टोक हुंगून काढले आणि तिथेच बसली. पाचव्या-सहाव्या आठवड्यातली ती एक चूक हीच. तो गालिचा घरातून गेला.

शेवटचा डोस झाल्यावर पशुवैद्यांनी बाहेर नेण्यास परवानगी दिली तेव्हा टिकली अठरा आठवड्यांची होती. दिवसा बाहेर आणि रात्री चौकटीत, असे घरच्यांना हवे होते, कारण आजींना तिला घेऊन जिने उतरणे शक्य नव्हते. इथे पॅडची किंमत दुसऱ्यांदा द्यावी लागली. पॅडवर शिकलेली पिल्ले बाहेर अर्धा तास फिरून, सारे काही हुंगून, घरी येऊन पॅडवर करतात, आणि टिकलीने तीन दिवस तेच केले. वडिलांना हे आता विनोदी वाटत होते, ही सुधारणाच म्हणायची. सकाळची पहिली लघवी सर्वांत अनावर असते, म्हणून उठताच तिला चौकट दिसण्यापूर्वी उचलून खाली न्यायचे, आदल्या रात्रीच्या पॅडचा तुकडा मातीवर ठेवायचा आणि न फिरता त्या एकाच जागी दहा मिनिटे उभे राहायचे असे ठरवले. काहीच झाले नाही तर वर आणून कुंपणात न सोडता मांडीवर घ्यायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा खाली. चौथ्या दिवशी दुसऱ्या खेपेला तिने मातीवर केले. त्यानंतर लगेच घरी न परतता फिरायला न्यायचे, हे मी मुद्दाम सांगितले होते, कारण लघवी होताच फिरणे संपते असा अनुभव आला की पिल्लू ती रोखून धरायला शिकते.

सहा महिन्यांची झाली तेव्हा टिकली दिवसातून चार वेळा खाली जात होती आणि चौकट रात्रीसाठी व फार पावसाच्या दिवसांसाठी उरली होती. मी शेवटची गेले त्या दिवशी बैठकीत नवा गालिचा होता, मुलाची दुलई पलंगावरून नेहमीसारखी खाली घसरलेली होती आणि टिकली तिच्यावर झोपली होती. बाथरूमच्या दाराशी मात्र अजून रबराची चटईच होती. पायपुसणे परत का घातले नाही, असे विचारल्यावर आजी म्हणाल्या की या चटईवर पाय जास्त चांगला ठरतो, आता तीच राहू दे.